लग्नाचा फोटो कोणाचा? नागपूरच्या फोटोग्राफर मंडळींना खुले पत्र

नागपुरातल्या आणि कामठी, उमरेड, काटोल, रामटेकपर्यंत सीझनभर बॅगा घेऊन पळणाऱ्या माझ्या फोटोवाल्या भावांनो, आणि आता या धंद्यात हिमतीनं उतरलेल्या बहिणींनो, नमस्कार.

चातुर्मास लागला. लॉन ओस पडले आहेत, ड्रोन कपाटात आहे आणि मागच्या मे महिन्यातल्या नवरीनं अल्बमसाठी निवडायचे फोटो अजून कळवलेले नाहीत. म्हणजे सध्या तुम्हाला वाचायला वेळ आहे आणि मला लिहायला. तुळशीच्या लग्नानंतर ना तुम्ही वाचणार, ना मी लिहिणार.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये अल्बमची शीटं बघायला गेलो होतो. तिथं आपल्यातलाच एक तरुण पोरगा फोनवर तावातावानं बोलत होता. पलीकडे नवरी होती. तिच्या हळदीचं रील याच्या पेजवर होतं आणि तिला ते काढून हवं होतं. हा म्हणाला, ‘मॅडम, फोटो मी काढले, कॉपीराइट माझा आहे. तुमचा अल्बम तुम्हाला मिळाला ना?’ फोन ठेवल्यावर तिथल्या तिघाचौघांनी ‘बरोबर बोलला भाऊ’ म्हणून मान डोलावली. मी शीटाचे कोपरे तपासत राहिलो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही, म्हणून आता हे पत्र.

न उघडण्याचं कारण असं की हेच वाक्य मी २०१४ साली एका मुलीला तोंडावर ऐकवलं आहे.

सक्करदऱ्याकडची मुलगी. लग्न वर्धा रोडच्या एका लॉनवर, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको. दुपारी हळदीच्या वेळी कॅमेऱ्याची बॉडी हाताला चटका देत होती आणि फ्लॅशच्या बॅटऱ्या आम्ही पाण्याच्या थंड जारला टेकवून ठेवल्या होत्या. बिदाईला रात्रीचे अकरा वाजले. बाप कोपऱ्यात उभा, सगळ्यांना हिंमत देणारा. मुलगी जवळ आली तसा त्यानं डोळे पुसायला खिशातून रुमाल ओढला, आणि त्या रुमालाच्या घडीतून मूठभर अक्षता तिच्या हातांवर सांडल्या. ती रडता रडता हसली. माझं बोट नेमकं तेव्हाच दाबलं गेलं. अठरा वर्षांच्या धंद्यात असा फोटो माझ्याकडून निघाला नव्हता, नंतरही क्वचितच निघाला असेल.

मी त्याचा सहा बाय चारचा फ्लेक्स करून दुकानाबाहेर लावला. विचारलं कोणालाच नाही. विचारायचं असतं हे डोक्यातही आलं नाही. त्या फ्लेक्सवर तीन बुकिंग आली, हेही कबूल करतो.

दिवाळीनंतर ती मुलगी एका सकाळी दुकानासमोर स्कूटी लावून उभी राहिली. आत आली नाही. मीच बाहेर गेलो. म्हणाली, ‘दादा, बाबा दिवाळीत गेले. हा फोटो काढाल का इथून? मी रोज ड्यूटीला याच रस्त्यानं जाते.’ आणि मी काय म्हणालो? ‘ताई, वाईट झालं. पण बघा, फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचा असतो. सीझन संपला की काढतो.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. ते ‘बरं’ अजून कानात आहे.

चार दिवसांनी तिचे मामा आले. कोर्टातून रिटायर झालेले कारकून, पांढरा सदरा, खिशाला लाल पेन. काउंटरवर एक झेरॉक्स ठेवली आणि म्हणाले, ‘भाऊ, तुमचा कॉपीराइट कुठं लिहून आहे ते दाखवा मला. माझ्याजवळ तर हे लिहून आहे.’ झेरॉक्सवर कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम १७ होतं आणि त्यातल्या पोटकलम ‘ब’ खाली लाल रेघ मारलेली.

भावांनो, ते पोटकलम आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे? मी तोवर वाचलं नव्हतं. साध्या मराठीत ते असं म्हणतं: एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा माणूस. काढणारा नव्हे. एरवी कायद्याचा नियम आपल्याच बाजूचा आहे. ज्यानं फोटो काढला तो त्या फोटोचा ‘कर्ता’, आणि कर्ता हाच पहिला मालक. पण ऑर्डर देऊन, पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोला त्यातून मुद्दाम वगळलं आहे. फोटोच कशाला, ऑर्डरीवर काढलेलं चित्र आणि पैसे देऊन करून घेतलेली फिल्मही त्याच ओळीत बसवली आहे. म्हणजे आपलं लग्नाचं शूटिंग, टीझर, सगळं आलं.

मी म्हणालो, ‘काका, आमच्या नियम-अटीत लिहिलं आहे.’ ते म्हणाले, ‘दाखवा.’ मी पावतीबुक काढलं. पावतीच्या मागे बारीक इंग्रजीत बारा अटी होत्या, मी कुठल्याशा परदेशी स्टुडिओच्या कागदावरून उतरवून छापून घेतलेल्या. सातवी अट कॉपीराइटची होती. मामांनी चष्मा लावून ती वाचली, पावती उलटसुलट केली आणि विचारलं, ‘माझ्या मेव्हण्याची सही कुठं आहे?’ सही नव्हतीच. पावतीवर सही एकट्या माझी, पैसे मिळाल्याची. समोर स्वच्छ अक्षरात त्या बापाचं नाव आणि रक्कम. म्हणजे ऑर्डर कोणी दिली आणि मोबदला कोणी दिला, याचा पुरावा माझ्याच हस्ताक्षरात माझ्याच काउंटरवर पडला होता. कलम १७ असा उलट करार लेखीच असावा असं काही म्हणत नाही. पण समोरच्यानं न वाचलेली, न सही केलेली, पैसे देऊन झाल्यावर हातात पडलेली अट म्हणजे त्याची संमती, हे कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

‘आणि आता तो नाही,’ मामा म्हणाले, ‘तर त्याच्या बाकी इस्टेटीसारखा हा हक्कही माझ्या बहिणीकडे आणि दोन लेकरांकडे आला. त्या तिघांना तुम्ही विचारलं का?’

फ्लेक्स मी त्याच दिवशी उतरवला. संध्याकाळी मुलगी आली आणि तो मागून घेऊन गेली. गुंडाळी करून स्कूटीच्या पायदानावर उभी धरली, हँडलला ओढणीनं बांधली. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, ‘राहू द्या दादा, जमते.’

आता त्या परदेशी कागदाबद्दल. आपल्यातले बरेच जण इंटरनेटवरून करार उतरवतात आणि त्या अमेरिकन करारात ‘छायाचित्रकार सर्व हक्क राखून ठेवतो’ असं असतंच. तिथं ते खरंही आहे. अमेरिकेत लग्नाचे फोटो काढणारा स्वतंत्र फोटोग्राफर वेगळा करार नसेल तर स्वतःच मालक असतो. इंग्लंडमध्ये पूर्वी आपल्यासारखंच होतं, ऑर्डर देणारा मालक. त्यांचा १९८८ चा कायदा १ ऑगस्ट १९८९ पासून लागू झाला आणि मालकी फोटोग्राफरकडे गेली. पण तो बदल करतानाही त्यांनी एक खुंटी मारून ठेवली: खासगी, घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो ऑर्डर देणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध लोकांसमोर मांडता येत नाही. आपल्या कायद्यातली ‘ब’ची ओळ त्याच घराण्यातली आहे. १९११ चा ब्रिटिश कायदा, तो इकडे १९१४ मध्ये आला, आणि १९५७ च्या आपल्या कायद्यानंही ऑर्डरीच्या फोटोचा नियम कायम ठेवला. इंग्रजांनी तो बदलला, आपण नाही. बदलायला हवा होता का, यावर एखाद्या पावसाळी दुपारी भांडू. पण आज जो आहे तो हा आहे, आणि अमेरिकेची अट उमरेडच्या बापाला ऐकवून चालत नाही.

मग हा ‘फोटो आमचा’चा समज आपल्यात आला कुठून? मला वाटतं, निगेटिव्हमधून. मी १९९६ मध्ये नागपूरच्या महाल भागात काकांच्या स्टुडिओत लागलो तेव्हा एका लग्नाला पाच रोल मिळायचे, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. प्रत्येक क्लिक मोजून. मामीचे डोळे मिटले म्हणून दुसरा काढला तर काका रागवायचे. गिऱ्हाइकाला प्रिंट जायच्या, निगेटिव्ह आमच्या कपाटात, बटरपेपरच्या पाकिटात, वहीत नंबर टाकून. तो आमचा ठेवा होता, कारण रिप्रिंटचा धंदा त्यावर चालायचा. आणि लोक कशासाठी यायचे माहीत आहे? बहुतेक वेळा घरातलं कोणी गेलं म्हणून. त्या माणसाचा एकट्याचा फोटोच नसायचा. मग अमक्याच्या लग्नाचा रोल काढायचा, पंगतीत बसलेल्या आजोबांना त्यातून कापायचं, मोठं करायचं. महालातल्या किती तरी भिंतींवरचे हार घातलेले फोटो असे कोणाच्या तरी पंगतीतून उचललेले आहेत. बारकाईनं बघा, खाली बुंदीच्या ताटाची कड दिसते. तर निगेटिव्ह आमच्याकडे होतं, म्हणून फोटो आमचा वाटायला लागला. वस्तूचा ताबा आणि फोटोवरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कोणाला वेगळं करायची गरजच पडली नाही, कारण निगेटिव्ह कपाटातून उठून फुटाळा तलावावर फिरायला जात नव्हतं. आजची फाइल जाते.

ही गोष्ट उलटीही लागू होते बरं का. कॉपीराइट गिऱ्हाइकाचा आहे म्हणून ‘आमचा सगळा रॉ डेटा उद्या पेनड्राइव्हवर द्या’ हे आपोआप ठरत नाही. काय द्यायचं, किती द्यायचं, एडिट केलेलं की सगळं, हे आपल्यातल्या बोलीवर ठरतं. ते लिहिलं नसेल तर भांडण ठरलेलं. आणि बाकी पैसे अडकले म्हणून अल्बम दोन-दोन वर्षं दाबून ठेवणाऱ्यांनो, गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तुमचे पैसे बुडू नयेत असं मलाही वाटतं. लग्नाआधी अर्धे, लग्नाच्या दिवशी हळद लागायच्या आत बाकीचे, अल्बमचे वेगळे, असं मी करतो आणि कोणी नाराज होत नाही.

आता जिथं खरी गुंतागुंत आहे तिथं येतो. आपल्याकडे ऑर्डर देतं कोण? नवरा-नवरी? प्री-वेडिंगची देतात. अंबाझरीला जायचं की रामटेकला खिंडसीवर, सूर्य मावळताना की उगवताना, हे तेच ठरवतात, आणि आता पैसेही बहुधा मुलगाच देतो. पण लग्नाची ऑर्डर मुलीचा बाप देतो, नाहीतर मोठा भाऊ. मुलाकडचा फोटोवाला वेगळा, त्याला मुलाचा काका घेऊन येतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत एकाच लग्नाच्या फोटोंचे दोन मालक, दोन्ही बाजूंचे वडीलधारे, आणि ज्या मुलीचा चेहरा प्रत्येक फ्रेममध्ये आहे ती कॉपीराइटच्या हिशेबात कुठंच नाही. तिला कोणी विचारायचं कारणच नाही असं ‘ब’वरून वाटू शकतं.

माझ्याकडे एक प्रकरण असं आलं होतं. लग्न वर्षभरात मोडलं. ऑर्डर मुलाकडची होती, पेजवरचे फोटो ठेवायला मुलाच्या वडिलांची हरकत नव्हती. उलट त्यांना ते तिथं राहायला हवे होते, का ते तुम्ही समजा. मुलीनं फोन केला. कॉपीराइटच्या कागदावर तिचा हक्क शून्य. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आहे, २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि कायद्याच्या आधीही माणुसकी नावाची गोष्ट होती. फोटो कोणाच्या मालकीचा, हा एक प्रश्न. त्यातल्या बाईचा चेहरा दुकानाच्या जाहिरातीला वापरायचा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्या बाजूनं लिहून घेतलं तरी दुसऱ्याचं मिळत नाही. मी फोटो काढून टाकले. मुलाचे वडील माझ्याशी आजही बोलत नाहीत, न बोलोत.

म्हणून माझ्या कागदावर आता तीन सह्या असतात: ऑर्डर देणाऱ्याची, नवरीची, नवऱ्याची. सुरुवातीला लोक हसायचे. ‘लग्नाआधीच सह्या घेता का हो, रजिस्ट्रारच्या आधी?’ एका नवरीनं मात्र पेन हातात घेऊन विचारलं, ‘म्हणजे मी नाही म्हटलं तर टाकणार नाही?’ मी म्हटलं, ‘नाही टाकणार.’ ती म्हणाली, ‘मग हळदीचे नको. बाकी टाका.’ एवढंच असतं. हळदीचे का नको, हे मी विचारलं नाही.

सीझनला हजेरीवर येणाऱ्या पोरांचं काय, हाही प्रश्न मोठा आहे. एका तारखेला चार लग्नं असली की आपण अमरावतीवरून, भंडाऱ्यावरून कँडिडवाले, म्हणजे पोझ न घेता सहज क्षण टिपणारे, बोलावतो. दिवसाचे पैसे ठरतात, कार्ड रिकामं करून देतो, काम संपलं. महिन्याभरात तेच फोटो त्याच्या पेजवर, त्याच्या नावानं, आपल्या गिऱ्हाइकानं पाहण्याच्या आधी. आपण चिडतो. पण आपणही त्याच्याकडून काही लिहून घेतलेलं नसतं. कर्ता म्हणून बटण दाबणारा तोच आहे, ऑर्डर आणि पैसे मात्र त्याला आपण दिले, आणि आपल्याला गिऱ्हाइकानं. ही साखळी कुठं तुटते हे कोर्टात सोडवायला जायची वेळच येऊ देऊ नका. दोन ओळी लिहा: गिऱ्हाइकाची संमती असेल तेवढेच फोटो, स्टुडिओच्या नंतर, दोघांच्या नावानं. पोराला नाव मिळालं पाहिजे. तो उद्याचा आपला स्पर्धक आहे म्हणून त्याचं नाव कापणं हा कद्रूपणा झाला.

पुढची मंडळी तर लांबच. मेकअपवाली ताई, मेहंदीवाली, डेकोरेशनवाला, लॉनवाला, केटरर, सगळे म्हणतात, ‘दादा, चार फोटो पाठवा ना, स्टेटसला लावतो.’ आपण पाठवतो, धंद्याचे संबंध असतात. पण जो हक्क आपल्यापाशी नाही तो आपण वाटत सुटलो आहोत हे लक्षात घ्या. सध्या पाहुण्यांसाठी क्यूआर कोडची गॅलरी निघाली आहे. सेल्फी काढली की त्या पाहुण्याचे सगळे फोटो समोर. छान सोय आहे, मीही देतो. पण लिंक वर्षभर उघडी ठेवू नका. त्यात पाचशे-हजार माणसांचे चेहरे आहेत, झोपलेली लेकरं आहेत, ओलेत्या केसांच्या बाया आहेत.

इथं कोणी म्हणेल, मग आमचं काहीच नाही का? आहे. आणि ते आपण कधी मागतच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. कलम ५७ म्हणतं, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी ‘हे काम माझं आहे’ म्हणण्याचा कर्त्याचा हक्क राहतो. आणि कामाची मोडतोड करून त्याची इज्जत घालवली तर हरकत घेण्याचाही. एखाद्या साडीच्या दुकानानं नवरीकडून फोटो घेतला, आपलं नाव कापून फ्लेक्सवर लावला, तर तिथं बोला. लेखी बोला. आपण नेमकं उलटं करतो: गरीब गिऱ्हाइकावर गुरगुरतो आणि मोठ्या दुकानदारासमोर ‘पुढच्या वेळी नाव टाका साहेब’ म्हणून परत येतो. (नवरीच्या काकांनी फोटोभोवती गुलाबाची चौकट आणि लुकलुकणारं ‘शुभविवाह’ लावलं, म्हणून मात्र ५७ घेऊन धावू नका. ते प्रेम आहे.)

आणखी एक गंमत. फोटो आपल्या हयातीत प्रसिद्ध झाला असेल तर त्याचा कॉपीराइट कर्त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोंचा हिशेब वेगळा, प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा होता. म्हणजे मालक गिऱ्हाईक, पण त्याच्या मालकीचं वय मोजायचं फोटोग्राफरच्या आयुष्यावरून. तेव्हा गिऱ्हाइकांनो, आमच्या तब्येतीची काळजी घ्या, आम्हाला जेवायला शेवटच्या पंगतीत बसवू नका.

आणि फुकट काढलेला फोटो? मित्राचं लग्न भेट म्हणून केलं, एक पैसा घेतला नाही, तर मोबदलाच नाही. मग ‘ब’ लागत नाही आणि फोटो काढणाऱ्याचा. पाहुण्यानं मोबाइलवर काढलेला फोटो पाहुण्याचा. आपण स्वतः पैसे देऊन मॉडेल घेऊन केलेलं शूट आपलं. म्हणून ज्याला पोर्टफोलिओ करायचाच आहे त्यानं सेमिनरी हिल्सवर एक सकाळ काढावी, दोन हौशी पोरापोरींना तयार करावं, त्यांच्याकडून लिहून घ्यावं. कोणाच्या हळदीत हात घालायची गरज नाही.

गाण्यांचंही एका ओळीत. लग्नाच्या वरातीत, समारंभात गाणं वाजवायला कायद्यानं सूट आहे, २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याची आठवणही करून दिली होती. पण तेच गाणं टीझरला चिकटवून इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. टीझरचा आवाज बंद झाला की आपण ‘अन्याय’ म्हणून ओरडतो. गाणं ज्याचं त्यानं हक्क दाखवला तर अन्याय, आणि नवरीनं दाखवला तर आपण तिला कायदा शिकवतो.

तर करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. बयाणा घेण्याच्या आधी समोर ठेवायचं, पावतीच्या मागे छापायचं नाही. वर लिहिलेलं असतं की फोटोचा कॉपीराइट तुमचा आहे. हे वाचून कोणी पळून गेलेलं नाही, उलट खुर्ची ओढून बसतात. खाली परवानगीच्या रिकाम्या चौकटी: दुकानाच्या अल्बममध्ये दाखवू का, पेजवर टाकू का, फ्लेक्स किंवा जाहिरातीत वापरू का, कार्यक्रम कोणकोणते वगळू, आणि परवानगी किती वर्षांची. काळ आणि जागा लिहायला विसरू नका. ज्यांना पूर्ण हक्कच आपल्या नावावर करून घ्यायचा आहे त्यांनी तर अजिबात नाही, कारण लेखी हस्तांतरणात काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. माझ्या मते पूर्ण हक्क मागूच नये. दहा फोटो दाखवायला मिळाले तर आपला धंदा चालतो, दोन हजार घेऊन काय करणार? व्हॉट्सअॅपवरचा ‘चालेल दादा’ काहीच नसल्यापेक्षा बरा, पण सही ती सही. आणि शेवटची ओळ अशी आहे: ‘पुढे कधी फोटो काढून टाका म्हणालात तर सात दिवसांत काढीन, कारण विचारणार नाही.’ ती ओळ मला कोणत्या वकिलानं सांगितलेली नाही.

धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून एक सांगून ठेवतो. जाणूनबुजून दुसऱ्याचा कॉपीराइट मोडला तर कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. दावा लावायचा तर मालक जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावू शकतो. गोंदियाच्या बापाचा फोटो नागपुरात फ्लेक्सवर लावला तर तारखेला गोंदियाला जायचं आपण, तेही मेमूनं, ऐन सीझनमध्ये.

लॅबमधल्या त्या तरुण भावाला: तुझा फोन मी ऐकला हे तुला आवडणार नाही. पण ते रील काढून टाक. त्या पोरीला तसा निरोप पाठव, एका ओळीचा. मी जे सीझन संपेपर्यंत टाळायला निघालो होतो ते तू आजच उरकून टाक.

बाकीच्यांनो, दर सोमवारी मी दुपारी दुकानात रिकामाच असतो. येताना आपापलं पावतीबुक आणा. मागची बाजू एकत्र वाचू. ज्यांना माझ्या कागदाची झेरॉक्स हवी त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे. मामांची ती लाल रेघवाली झेरॉक्सही काउंटरच्या काचेखाली आहे, बघायला मिळेल, न्यायला नाही. तुळशीचं लग्न लागायच्या आत या, नंतर मी सापडणार नाही.

तुमचाच,
महालातला एक जुना फोटोवाला